न मोजलेली फेरी

३० मे १९१२ रोजी अमेरिकेतील इंडियानापोलिस शहराजवळच्या शर्यतीच्या मैदानावर हजारो माणसे उठून उभी राहिली होती आणि एक विलक्षण दृश्य पाहत होती. तेलाने माखलेली दोन माणसे एक भलीमोठी राखी रंगाची मोटार ढकलीत आणीत होती. मोटारीचे यंत्र बंद पडले होते. टनभर वजनाचे ते धूड रेटताना दोघांची छाती फुटायची पाळी आली होती. शेजारून प्रतिस्पर्ध्यांच्या मोटारी भरधाव निघून जात होत्या. थोड्या वेळापूर्वीपर्यंत मात्र हीच राखी मोटार सर्वांच्या पुढे होती.

त्या दोघांपैकी एक राल्फ डी पाल्मा. मोटार हाकणारा तो. दुसरा रूपर्ट जेफकिन्स, त्याचा ऑस्ट्रेलियन साथीदार. त्या काळी हाकणाऱ्याच्या शेजारी एक यंत्रज्ञ बसत असे. यंत्रावर नजर ठेवायची, तेलाचा दाब सांभाळायचा, मागून कोण येत आहे ते सांगायचे, आणि अपघात झालाच तर आपल्या धन्याबरोबर मरायचे, असे त्याच्या कामाचे स्वरूप होते.

शर्यत पाचशे मैलांची. अडीच मैलांची एक, अशा दोनशे फेऱ्या मारायच्या. १९०९ साली हे मैदान सुरू झाले तेव्हा पहिल्याच शर्यतींत पाच माणसे प्राणाला मुकली. म्हणून तीस लाखांवर विटा घालून तो मार्ग नव्याने बांधून काढण्यात आला. पाचशे मैलांची पहिली शर्यत १९११ साली झाली. तीत डी पाल्मा सहावा आला. दुसऱ्या वर्षी तिसऱ्या फेरीत त्याने आघाडी घेतली आणि मग ती सोडलीच नाही. एकामागून एक १९६ फेऱ्या तो पुढे राहिला. मागच्या गड्याच्या आणि त्याच्या मध्ये सुमारे पाच फेऱ्यांचे अंतर पडले होते. शर्यत संपली असेच सारे धरून चालले होते.

आणि शेवटच्या चारपाच फेऱ्या उरल्या असताना यंत्रातला एक दांडा मोडला. दट्ट्याची वरखाली होणारी गती फिरत्या आसापर्यंत पोचविणारा हा दांडा. कनेक्टिंग रॉड म्हणतात त्याला. तो मोडला आणि यंत्राचे लोखंडी कवच फोडून बाहेर आला. तेल वाहून गेले. मोटार खोकत, कण्हत, रांगत चालू लागली. तशा स्थितीत डी पाल्माने १९८ फेऱ्या पुऱ्या केल्या. एकशे नव्व्याण्णवावी फेरी चालू असताना यंत्राने कायमची मान टाकली. जो डॉसन नावाचा इंडियानाचाच बावीस वर्षांचा तरुण त्याला मागे टाकून गेला आणि सहा तास एकवीस मिनिटांत शर्यत जिंकला. डॉसन सबंध शर्यतीत केवळ दोन फेऱ्या पुढे होता. पण त्या शेवटच्या दोन होत्या.

डी पाल्मा आणि जेफकिन्स खाली उतरले आणि मोटार ढकलू लागले. नियम असा होता की, मोटारीने स्वतःच्या बळावर अंतर कापले पाहिजे. त्यामुळे त्यांचे ते ढकलणे कोणाच्याही हिशेबात धरले जाणार नव्हते, आणि धरले गेलेही नाही. नोंदवहीत डी पाल्माच्या नावापुढे १९८ फेऱ्या आणि अकरावा क्रमांक लिहिला गेला. ह्या फेरीचा उल्लेखही तिथे नाही. मग त्या दोघांनी ती मोटार का ढकलली?

हा प्रश्न मोटारींच्या शर्यतींपुरताच असता, तर ऐन दिवाळीत, दिव्यांच्या उजेडात आणि फराळाच्या ताटाशी, मी तो वाचकांपुढे आणला नसता. पण ज्या कामाचे फळ आता मिळणार नाही हे उघड झाले आहे, जे काम कोणी मोजणारही नाही, ते अर्ध्यावर टाकावे की पुरे करावे, हा प्रश्न आपल्यातील प्रत्येकासमोर केव्हा ना केव्हा उभा राहतो. आणि त्याचे उत्तर बहुधा आपल्याला एकट्यालाच द्यावे लागते; टाळ्या वाजवायला तिथे हजारो माणसे नसतात.

व्यवहारी मनुष्य म्हणेल, “ह्यात विचार करण्याजोगे काय आहे? हरलेला डाव हरलेला. मोटार तिथेच सोडायची, घाम पुसायचा आणि घरी जायचे.” ह्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. हरलेला डाव न सोडण्याचे दुष्परिणाम आपण खेड्यापाड्यांतून पाहतोच. हातभर बांधावरून सुरू झालेला दावा तीन पिढ्या चालतो. जमिनीच्या किमतीहून अधिक पैसा वकिलाच्या घरी जातो. नातू म्हातारा होतो, तरी आजोबांचा हट्ट सुटत नाही. त्या हट्टाला आपण निष्ठा म्हणायचे काय? आणि म्हणायचे नसेल, तर डी पाल्माच्या ढकलण्याला तरी का म्हणायचे?

मला वाटते, भेद असा आहे. हट्टी माणूस पराभव नाकारीत असतो. आपण हरलो हे त्याला मान्यच नसते, आणि म्हणून तो झगडत राहतो. डी पाल्माने पराभव नाकारला नाही. डॉसन जिंकला हे त्याला त्याच क्षणी ठाऊक होते. मैदानातून बाहेर पडताना तो हसतमुख होता आणि त्याने डॉसनचे मनापासून अभिनंदन केले. म्हणजे पराभव त्याने पुरता स्वीकारला होता. आणि तो स्वीकारूनही हाती घेतलेले काम शक्य तेवढे तडीस नेले होते. ह्या दोन गोष्टी एकाच माणसाच्या ठिकाणी एकाच वेळी नांदणे अवघड असते. पराभव मान्य केला की आपले हातपाय गळतात, आणि हातपाय चालू ठेवायचे तर मनाला खोटी आशा दाखवावी लागते. खोट्या आशेवाचून चालणारे हात फार थोडे.

त्याच दिवशी त्याच मैदानावर दुसरी एक गंमत चालली होती. राल्फ मलफर्ड नावाच्या स्पर्धकाची मोटार बरीच मागे पडली होती. पण पाचशे मैल पुरे केल्यावाचून दहाव्या क्रमांकाचे बक्षीस मिळणार नव्हते, आणि ते बाराशे डॉलरांचे होते. बाकीचे घरी गेले, प्रेक्षक उठू लागले, तरी मलफर्डची मोटार आपली फिरतेच आहे! वाटेत थांबून त्याने तळलेली कोंबडी खाल्ली असे सांगतात. एकंदर आठ तास त्रेपन्न मिनिटांनी त्याने शेवटची रेषा ओलांडली आणि आपले बक्षीस घेतले.

मलफर्डला हसण्याचे कारण नाही. त्याने अट पाळली आणि हक्काचे घेतले; आदल्या वर्षी ह्याच शर्यतीत दुसरा आलेला तो मातबर गडी होता. पण दोघांची तुलना केल्यावाचून राहवत नाही. एकाने फळासाठी काम पुरे केले, दुसऱ्याने फळ गेल्यावर. हिशेबाच्या वहीत मलफर्डची शेवटची फेरी आहे आणि डी पाल्माची नाही. परंतु आज शंभर वर्षांनंतरही त्या दिवसाची गोष्ट सांगताना लोक डी पाल्मापासून सुरुवात करतात. मलफर्डचा उल्लेख गमतीने होतो, आणि डॉसनचे नाव तर पुष्कळदा आठवून सांगावे लागते.

मी शाळामास्तर आहे. आमच्या गणिताच्या पेपरात एक सोय असते. उत्तर चुकले तरी रीत बरोबर असेल, तर पायऱ्यांचे गुण देतात. पाच गुणांच्या उदाहरणात पोराने चार पायऱ्या नीट लिहिल्या आणि शेवटच्या ओळीत सात आठे चोपन्न केले, तर त्याला आम्ही भोपळा देत नाही. शाळा सुटल्यावर मात्र ही सोय संपते. जगाच्या परीक्षेत पायऱ्यांना गुण नाहीत. तिथे खालची ओळ तेवढी तपासतात. पुढच्या आयुष्यात भेटलेले माझे कित्येक विद्यार्थी हिरमुसलेले दिसतात, त्याचे कारण मला हेच वाटते. त्यांच्या पायऱ्या चुकलेल्या नसतात. कुठे तरी दांडा मोडलेला असतो.

दांडा मोडणे ही कोणाची चूक? एवढी आघाडी असताना डी पाल्माने वेग कमी करायला हवा होता, असे आपण घरबसल्या म्हणू शकतो. घडून गेल्यावर प्रत्येकजण सारथ्यात निपुण असतो! पण ह्या प्रश्नाचे अधिक चांगले उत्तर डी पाल्माच्याच आयुष्यात पुढे मिळते, आणि ते मोठे विचारात टाकणारे आहे.

३१ मे १९१५. तेच मैदान, तीच पाचशे मैलांची शर्यत. मोटारही मर्सिडीजच, मात्र नवी, महायुद्ध भडकण्याच्या सुमारास युरोपातून आणलेली. शेजारी लुई फाँटेन नावाचा साथीदार. ह्याही वेळी डी पाल्मा पुढे होता. दारिओ रेस्टा नावाचा कसलेला गडी पाठलागावर होता. आणि शेवटच्या तीनेक फेऱ्या राहिल्या असताना पुन्हा तोच प्रकार घडला. कनेक्टिंग रॉड मोडला आणि यंत्राचे कवच फोडून बाहेर आला! ज्याने तीन वर्षांपूर्वी हे एकदा भोगले होते, त्याच्या जिवाचे त्या क्षणी काय झाले असेल ह्याची कल्पनाच करावी. पण ह्या खेपेस यंत्र थांबले नाही. चारांपैकी उरलेल्या तीन सिलिंडरांवर ते धडपडत चालत राहिले, आणि डी पाल्मा पहिला आला. सरासरी वेग ताशी ८९.८४ मैल. त्या मैदानावरचा तो उच्चांक पुढे सात वर्षे टिकला.

माणूस तोच, कौशल्य तेच, मोडलेला भागही तोच. एकदा यंत्र दीडदोन फेऱ्या आधी थांबले, म्हणून पराभव. एकदा तीन फेऱ्या अधिक चालले, म्हणून विजय. १९१२चा डी पाल्मा आणि १९१५चा डी पाल्मा ह्यांच्यात गुणांचा फरक कोणता? मला तरी कोणताच दिसत नाही. मग ज्याला आपण यश म्हणून हार घालतो आणि अपयश म्हणून नाक मुरडतो, त्यात त्या माणसाचे म्हणून नेमके किती असते?

त्याचे म्हणून जे असते ते दोनच ठिकाणी सापडते असे मला वाटते. दांडा मोडेपर्यंत त्याने काय केले, आणि मोडल्यावर काय केले. मधला क्षण त्याचा नव्हे.

रथाचे चाक म्हटले की आपल्याला कर्ण आठवतो. ऐन युद्धात धरणीने चाक गिळले, कर्ण खाली उतरला, दोन्ही हातांनी ते उपसू लागला. इथवर दोघांचे चित्र सारखेच आहे. पण कर्णाने त्या वेळी अर्जुनाला थांबायला सांगितले, धर्माची आठवण दिली. आणि मग कृष्णाने त्याला त्याच्या सगळ्या जुन्या गोष्टी ऐकविल्या. कर्णावर आपले प्रेम आहे, आणि ते राहणारच. डी पाल्माच्या वाट्याला मृत्यू नव्हता, केवळ पराभव होता, हेही खरे. तरी एवढे म्हणावेसे वाटते की, त्याने कोणाला थांब म्हटले नाही.

हा त्याचा स्वभावच होता असे दिसते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मिलवॉकी येथे मोठ्या शर्यती झाल्या. त्यांतली व्हँडरबिल्ट चषकाची शर्यत त्याने जिंकली. लगेच तीन दिवसांनी दुसरी शर्यत होती. तीत शेवटच्या फेरीत केलेब ब्रॅगच्या मोटारीला ओलांडून जाण्याच्या प्रयत्नात डी पाल्माची मोटार उलटली. तो भयंकर जखमी झाला. जगतो की मरतो अशी स्थिती असताना रुग्णवाहिकेतून नेणाऱ्यांना त्याने सांगितले की, ब्रॅगचा ह्यात काही दोष नाही. त्याने मला पुरता रस्ता दिला होता. आपल्याला ठेच लागली तर आपण आधी दगडाला शिवी देतो. हा मनुष्य रक्तबंबाळ अवस्थेत दुसऱ्याच्या नावाला डाग लागू नये म्हणून बोलत होता.

असे एकामागून एक दाखले देत गेले की माणसाचा संत होतो आणि संत झाला की तो आपल्या उपयोगाचा राहत नाही. म्हणून १९१४ची हकीकतही सांगितली पाहिजे. बार्नी ओल्डफील्ड हा त्या काळचा मोठा नामांकित आणि तितकाच नाटकी शर्यतवीर. गोल मैदानावर एका मिनिटात एक मैल जाणारा पहिला मनुष्य तो. तोंडात चिरूट धरून मोटार हाकण्याबद्दल प्रसिद्ध. मर्सर कंपनीच्या संघाचा डी पाल्मा प्रमुख होता. त्या संघात ओल्डफील्डला घेतले तेव्हा डी पाल्मा बाहेर पडला, आणि जुन्या मर्सिडीजची डागडुजी करून सँटा मोनिका येथील व्हँडरबिल्ट चषकासाठी उतरला. शर्यतीच्या अखेरीस दोघांत चुरस लागली. ओल्डफील्डला दिसेल अशा बेताने डी पाल्माने आपल्या माणसांना खूण केली, की पुढच्या फेरीला मी थांबणार आहे. ओल्डफील्डने ती पाहिली. त्याच्याही मोटारीची चाके झिजली होती. प्रतिस्पर्धी थांबतोच आहे तर आपणही थांबून घेऊ, असे त्याने ठरविले आणि थांबला. डी पाल्मा थांबलाच नाही. तो सरळ निघून गेला आणि जिंकला.

हे योग्य होते काय? ब्रॅगबद्दल एवढा न्यायी असलेला मनुष्य ओल्डफील्डशी असा कावा करतो, ह्याचा मेळ कसा घालायचा? मी ह्याचा बराच विचार केला. बुद्धिबळात एक प्यादे मुद्दाम उघडे ठेवले तर त्याला आपण लबाडी म्हणत नाही. खेळाच्या आतला कावा आणि खेळाबाहेरचा खोटेपणा ह्यांत अंतर आहे. तरीही मनात थोडी खळबळ राहतेच, आणि ती राहावी हे बरे. ह्या माणसाला जिंकायचे होते, आणि अगदी मनापासून जिंकायचे होते, एवढे तीमुळे स्पष्ट होते. १९१२ साली मोटार ढकलणारा मनुष्य कोणी विरक्त नव्हता.

निष्काम कर्माचा आपण एक सोपा अर्थ लावून घेतला आहे. फळाची इच्छाच धरायची नाही. म्हणजे मिळाले नाही तर दुःख नको. असा मनुष्य कुठे असेल तर त्याला माझा नमस्कार. पण तुमच्याआमच्यासारख्या संसारी माणसाला हे जमत नाही, आणि जमल्याचे सोंग केले की कामच ढिले पडते. डी पाल्माकडे पाहून मला त्या उपदेशाचा एक प्रापंचिक अर्थ सुचतो. फळ हवेच म्हणावे. त्यासाठी जिवाचे रान करावे. आणि फळ हातचे गेले की, काम सोडण्यासाठी ते कारण धरू नये. इच्छा सोडणे हे ऋषींचे काम. फळ गेल्यावरही हात न सोडणे हे गृहस्थाला साधण्याजोगे आहे.

आणि ते साधणारे लोक आपल्या भोवती असतात. त्यांची कोणी छायाचित्रे काढीत नाही एवढेच. घरात अंथरुणाला खिळलेले माणूस असते. डॉक्टरांनी हात टेकलेले असतात. आता ह्याला उतार पडायचा नाही हे साऱ्यांना कळलेले असते, आणि तरी घरातली ती बाई पहाटे उठून त्याचे तोंड धुते, कूस बदलते, पेजेत मीठ बेताचे पडले आहे ना ते चाखून पाहते. उपयोग काय, असे तिला विचारण्याचे धैर्य आपल्याला होत नाही. कारण उपयोग ह्या शब्दाहून ती फार पुढे गेलेली असते. आमच्या शाळेतले एक वृद्ध गुरुजी सेवानिवृत्तीच्या दिवशी संध्याकाळपर्यंत निबंधाच्या वह्या तपासत बसले होते. पुढच्या आठवड्यात नवे मास्तर येणार होते आणि त्या गुणांची नोंद कुठेच व्हायची नव्हती. मी त्यांना तसे म्हटलेही. ते म्हणाले, “पोरांनी लिहिलंय ना? मग कोणीतरी वाचायला नको का?” आणि त्यांनी पुढची वही ओढली.

डी पाल्माची पुढची कारकीर्द थोडक्यात सांगायची तर तीतही दैवाचा हा लपंडाव चालूच राहिला. इटलीतल्या बिकारी ह्या गावी जन्मलेला हा मुलगा १८९२ साली आईबापांबरोबर अमेरिकेत आला. सायकलींच्या शर्यतींपासून त्याने सुरुवात केली होती. १९१९च्या फेब्रुवारीत डेटोनाच्या समुद्रकिनाऱ्यावर त्याने ताशी १४९.८७५ मैल वेगाने मोटार हाकून उच्चांक केला. इंडियानापोलिसला १९२० साली तो पुन्हा पुढे होता, आणि तेराएक फेऱ्या उरल्या असताना मोटार पुन्हा अडली. तो पाचवा आला. त्या वर्षीचा विजेता गास्तों शेव्हरोले. तो त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दुसऱ्या एका शर्यतीत ठार झाला. डी पाल्मा सत्तरी ओलांडून १९५६ साली कॅलिफोर्नियात आजाराने वारला. कोणाच्या वाट्याला काय आले आणि कोणाचे काय गेले, ह्याचा ताळेबंद कोणी मांडावा?

इंडियानापोलिसला तो एकंदर दहा वेळा उतरला आणि एकदाच जिंकला. पण त्या मैदानावर पुढे राहून त्याने मारलेल्या फेऱ्यांची बेरीज ६१२ होते. हा आकडा ओलांडायला पुढच्या पिढ्यांना साठांहून अधिक वर्षे लागली. १९२० साली त्याच्या शेजारी यंत्रज्ञ म्हणून बसलेला त्याचा भाचा पीटर डी पाओलो १९२५ साली तीच शर्यत जिंकला, आणि ताशी शंभर मैलांहून अधिक सरासरीने ती जिंकणारा पहिला मनुष्य ठरला. मामाही त्या दिवशी मैदानात धावत होता.

ह्या ६१२ फेऱ्यांत १९१२च्या १९६ आहेत. जिंकलेल्या १९१५ सालच्या १३२ आहेत. मोटार ढकलीत नेलेल्या त्या फेरीतला एक हातही त्यात धरलेला नाही. आणि नियमाप्रमाणे तेच बरोबर आहे. नियमांनी मोजण्याजोगे तेवढेच मोजावे. बाकीचे पाहायला त्या दिवशी माणसे होती. ती मोटार त्यांच्यासमोरून गेली तेव्हा त्यांनी जो जयघोष केला, तो विजेत्यासाठी नव्हता. त्यांतल्या पुष्कळांना आपण कशासाठी ओरडत आहोत हे सांगता आले नसते. घरी गेल्यावर मात्र, एखाद्या अर्धवट राहिलेल्या कामापाशी, त्यांतल्या काहींना ती ढकलली जाणारी मोटार आठवली असेल.